स्लॅबखालचा ओढा: साताऱ्यातल्या दोनशे मीटरचं प्रकरण

साताऱ्याच्या पेठांमधून नदी जात नाही, ओढे जातात. एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वरचा डोंगर. किल्ल्याच्या माथ्यापासून खालच्या वस्तीपर्यंत अडीच-तीनशे मीटरांचा उतार आहे. त्या उतारावर पडलेलं पाणी ओढ्याओढ्यांनी उत्तरेला वेण्णेकडे उतरतं आणि वेण्णा पुढे माहुलीला कृष्णेत मिसळते. जुन्या गावनकाशावर हे ओढे ठळक दुहेरी रेघांनी दाखवलेले आहेत. आज त्या रेघांवरून चालत गेलात तर पायाखाली बऱ्याच ठिकाणी काँक्रीट लागतं.

हे प्रकरण अशाच एका ओढ्याचं आहे. तो वरच्या अंगाला उघडा आहे आणि वेण्णेच्या अलीकडे पुन्हा उघडा होतो. मधला सुमारे दोनशे मीटरचा तुकडा आरसीसी स्लॅबखाली आहे आणि त्याचा शेवटचा भाग एका ह्यूम पाइपात, म्हणजे काँक्रीटच्या गोल नळात, कोंबलेला आहे. काठच्या काही मिळकतींच्या हद्दीचे वाद चालू असल्यामुळे ओढ्याचं आणि वस्तीचं नाव इथे देत नाही. प्रश्न उभा राहिला तो पाणी तुंबल्यामुळे. वळवाचा जोराचा पाऊस झाला की चेंबरची झाकणं उचलली जातात आणि काळं पाणी रस्त्यावर येतं. त्यावर मोठा पाइप टाकण्याचा प्रस्ताव पुढे आला. तेव्हा वस्तीतल्या काही जणांनी विचारलं की एवढा खर्च करून पुन्हा गाडायचाच असेल, तर ओढा उघडाच का करू नये? मी त्या गटात हिशेबाच्या कामाला होतो.

ओढा खाली गेला कसा

कुणी एका दिवशी ठरवून ओढा गाडला नाही. आधी काठावर घरं आली. भुयारी गटार तिथवर पोचली नव्हती, म्हणून मोरीचं पाणी आणि सेप्टिक टाकीतून वर येणारं पाणी ओढ्यात सोडलं गेलं. उन्हाळ्यात ओढ्याला स्वतःचं पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे मार्च ते मे वाहायचं ते निव्वळ सांडपाणी. मग वास, डास, डुकरं. लोकांनी तक्रारी केल्या आणि त्या रास्तच होत्या. तक्रार मिटवायचा सगळ्यात जलद उपाय म्हणजे दोन्हीकडे भिंती आणि वर स्लॅब. स्लॅब पडला तशी गावात आयती मोकळी जागा तयार झाली. तिच्यावर दुचाक्या लागू लागल्या, टपऱ्या आल्या, वडापावची गाडी आली. आता तिथे वाढलेल्या मुलांना खाली ओढा आहे हे सांगावं लागतं.

कागदावर मात्र तो जिवंत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि त्यांचे तळ सरकारी मालकीचे आहेत. त्यामुळे असं कोणतंही काम गावनकाशाची नक्कल आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी इथून सुरू करावं. मोजणी होऊन हद्दीचे दगड बसेपर्यंत कुणालाही चित्रं दाखवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. हिरवळीची रंगीत चित्रं आधी फिरली की प्रत्येक शेजाऱ्याला आपली भिंत जाणार असं वाटायला लागतं आणि मग बोलणं होतच नाही.

पाइप का पुरत नाही

पावसाच्या पाण्याचा अंदाज घेण्याचं सूत्र सोपं आहे: पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा जोर ताशी मिलिमीटरमध्ये आणि जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा अंश, तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं. हिशेबाला सोपं म्हणून १०० हेक्टर पाणलोट आणि ताशी ६० मिलिमीटरची सर धरू. डोंगराला झाडोरा असेल, मातीत पाणी मुरत असेल आणि वाहणारा अंश ०.३ असेल, तर ओढ्यात सेकंदाला ५ घनमीटर पाणी येतं. उतारावर घरं, रस्ते, पेव्हर ब्लॉक आले आणि तो अंश ०.६ झाला, की त्याच सरीत १० घनमीटर. पाऊस वाढलेला नसतानाही पूर दुप्पट होतो.

आता पाइप. एक मीटर व्यासाचा काँक्रीटचा पाइप १०० ला १ उतारावर तुडुंब भरून वाहिला तरी सेकंदाला जेमतेम सव्वादोन ते अडीच घनमीटर पाणी नेतो. तेही आत गाळ, प्लॅस्टिक आणि फांद्या नसताना. उलट तळाला ३ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना १ ला २ (१ मीटर उंचीला २ मीटर आडवं) अशा सावकाश उताराचे काठ असलेला उघडा ओढा घ्या. त्याच उतारावर, गवत-दगडांचा खडबडीतपणा धरूनही, सव्वा मीटरच्या आत खोलीवर तो १२ घनमीटरांच्या आसपास पाणी नेतो. पाण्याच्या पातळीला त्याची रुंदी ८ मीटरच्या जवळ जाते. दोन्ही काठांवर झाडांना तीन-तीन मीटर सोडले तर १४ मीटरची पट्टी लागते. खरी अडचण तिथे सुरू होते, कारण ह्या तुकड्यात एका ठिकाणी दोन भिंतींमध्ये ९ मीटरच जागा उरली आहे.

पुराचं गणित असं उघड्या ओढ्याच्या बाजूने आहे. पण पूर वर्षातले थोडे तास असतो. बाकीच्या वेळी ओढ्यात काय असणार, ह्यावर सगळं अवलंबून आहे.

उन्हाळ्यातलं पाणी कुणाचं

स्लॅबखाली एप्रिलमध्येही पाणी वाहतं. ते सांडपाणी आहे, वर कुठे पाणीपुरवठ्याची लाइन गळते आहे की झरा आहे? सह्याद्रीच्या ह्या भागात बेसाल्टचे थर एकावर एक आहेत. वरच्या भेगाळ, सच्छिद्र थरातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर किंवा दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यावर येऊन अडतं आणि उताराच्या अंगाला झऱ्यासारखं बाहेर पडतं. सातारच्या जुन्या तळ्यांना आणि विहिरींना ह्याच पाण्याचा आधार आहे. तेव्हा झरा असण्याची शक्यता बरीच होती.

ओळखायची रीत कष्टाची असली तरी अवघड नाही. दिवसभरात ठरावीक वेळांनी चेंबरमधल्या पाण्याची उंची मोजायची. सकाळी सातनंतर चढणारं आणि दुपारी उतरणारं पाणी घरांचं असतं. पहाटे तीनला, सगळी वस्ती झोपलेली असताना, जे एकसारखं वाहत राहतं ते झऱ्याचं किंवा गळतीचं. मग भिंतीच्या सांध्यांतून जिथे स्वच्छ पाणी टपकतं, तिथलं पाणी घेऊन ओटी टेस्ट करायची. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, म्हणजे नळाचं पाणी. रंग आला नाही तर बहुतेक जमिनीचं. इथे दोन्ही निघालं. एका ठिकाणी गळती होती आणि तिच्याच वर, स्लॅबच्या सुरुवातीला, उजव्या भिंतीतून झिरपणारं झऱ्याचं पाणी होतं. करंगळीएवढी धार, पण ती एप्रिलातही तुटत नाही.

त्या धारेमुळे सांडपाण्याच्या उपायाचा विचार बदलला. आपल्याकडे रूढ पद्धत अशी की नाला नदीला मिळतो तिथे बांध घालून अडवायचा आणि सगळं पाणी पंपाने शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचं. नदीच्या दृष्टीने ते काही नसण्यापेक्षा बरं, पण ओढ्याच्या दृष्टीने त्यात काहीच सुटत नाही. वरचा सगळा प्रवाह गटारच राहतो, झऱ्याचं चांगलं पाणी घाणीत मिसळून केंद्रावर जातं, आणि पावसात बांधावरून सगळं एकत्र नदीत जातं ते जातंच. झुरिचने ह्याच कारणासाठी १९८८ मध्ये शहरातल्या ओढ्यांचं वेगळं धोरण आखलं. तिथे ओढ्यांचं स्वच्छ पाणी गटारांत शिरून शुद्धीकरण केंद्रावर विनाकारण भार टाकत होतं. त्यांनी ओढे गटारांपासून तोडले आणि वीस किलोमीटरच्या आसपास प्रवाह पुन्हा उजेडात आणले. सौंदर्य हा तिथे हेतूंपैकी एक होता. पैशाचा हिशेब सांडपाण्याचा होता.

म्हणून आमच्या गटाने पहिली अट ठेवली ती काठाने सांडपाण्याची वेगळी वाहिनी आणि घरागणिक जोडणी. घरागणिक हा शब्द महत्त्वाचा आहे. दहा घरांपैकी आठ जोडली आणि दोन राहिली, तर ओढा उघडल्यावर त्या दोन घरांचा वास सगळ्या वस्तीला येणार आणि लोक पुन्हा स्लॅब मागणार.

सोलची नक्कल का नको

असा विषय निघाला की सभेत कुणीतरी मोबाइलवर सोलचा चॉन्गग्येचॉन दाखवतंच. दाखवण्यासारखा आहे हे खरं. शहराच्या मध्यावरचा हा प्रवाह विसाव्या शतकाच्या मध्याला झाकला गेला आणि त्याच्यावर उन्नत महामार्ग उभा राहिला. २००३ मध्ये तो पूल पाडायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह लोकांना खुला झाला. शेजारच्या रस्त्यांपेक्षा काठावर उन्हाळ्यात काही अंशांनी गारवा असतो. २००३ ते २००८ ह्या काळात माशांच्या जाती ४ वरून २५ वर आणि पक्ष्यांच्या ६ वरून ३६ वर गेल्याची नोंद आहे.

पण तिथलं पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने उचलून आणलेलं आहे, रोज सुमारे १ लाख २० हजार टन. पंप बंद पडला तर ओढा बंद पडेल. साताऱ्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याच्या पाळ्या लागतात. तिथे ओढ्यात देखाव्यासाठी पाणी फिरवण्याचा विचारही करू नये. लोकांना ते चालणार नाही आणि चालू देऊही नये.

आकाराने आपल्याला जवळचं उदाहरण इंग्लंडमधल्या शेफील्डचं आहे. २००७ मध्ये त्या शहराला मोठ्या पुराचा तडाखा बसला होता. तिथल्या पोर्टर ब्रूक ओढ्याचा एक छोटा तुकडा वाहनतळाखालून बाहेर काढून २०१६ मध्ये त्याची छोटी बाग केली. काठ पायऱ्यापायऱ्यांनी उतरते ठेवले, म्हणजे पुरात पाण्याला पसरायला जागा आणि एरवी माणसांना बसायला. तळात माशांना मानवेल अशी दगडगोट्यांची रचना केली. वाहनतळ गेला, ओढा आला: आपल्या वस्तीपुढचा पेच नेमका हाच आहे.

सिंगापूरच्या बिशान बागेतून मी वेगळी गोष्ट घेतली. तिथे २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा मोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली आणि २०१२ मध्ये बाग खुली झाली. पण त्याआधी एका बाजूच्या नाल्यावर ६० मीटरचा प्रयोग करून काठ बांधण्याच्या दहा पद्धती तपासल्या: कोणती मुळं धरतात, कोणते काठ खचतात. पाणी चढू लागलं की इशारा देणारे भोंगेही तिथे बसवले आहेत. डोंगरउताराच्या गावात पाणी फार झपाट्याने चढतं, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा साताऱ्याला दुप्पट लागू आहे.

कोरड्या महिन्यांतला ओढा

ह्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. आपला ओढा बारमाही नाही, आणि तो बारमाही दिसावा म्हणून केलेला प्रत्येक खर्च त्याच्या विरुद्ध जातो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो वाहतो, दिवाळीनंतर आटत जातो, फेब्रुवारीत डोहांपुरता उरतो. इथले जीव ह्याच चालीला सरावलेले आहेत. बेडूक पहिल्या पावसात अंडी घालतात, चतुर आणि त्यांच्याच जातकुळीतल्या नाजूक टाचण्या साचलेल्या पाण्यात, खेकडे बिळात उन्हाळा काढतात, मासे डोहात तग धरतात आणि पावसाळ्यात पुन्हा पसरतात. तेव्हा जागा द्यायची ती डोहाला आणि सावलीला.

झऱ्याची ती करंगळीएवढी धार इथे कामाला येते. स्लॅबच्या वरच्या टोकाला, जिथे ती पडते, तिथे आणि खालच्या दोन वळणांवर तळ खोल ठेवायचा. दोन-अडीच फूट पुरे. तळाला काँक्रीट नको. मुरमाचा आणि गोट्यांचा तळ ठेवायचा, म्हणजे वरून आटलं तरी खाली ओल राहते. डोहावर झाड हवंच. उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज ही सगळी ओढ्याकाठची मंडळी. वाळुंजाची फांदी ओल्या काठात रोवली तरी फुटते, आणि तिची मुळं काठ धरून ठेवतात. काठाच्या पायाला काळ्या दगडाचे मोठे धोंडे लागतील, कारण पुरात पाण्याचा वेग सेकंदाला पावणेदोन-दोन मीटर होतो आणि नुसती माती तिथे टिकत नाही. दगडांच्या वर काथ्याची जाळी, तिच्यात वाळा, लव्हाळा आणि निरगुडी. उंबराला वेळ लागेल, पण एकदा तो फळला की पक्षी आणायला दुसरं काही करावं लागत नाही.

गावाच्या वर महादऱ्याचं रान आहे, फुलपाखरांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेलं. खाली वेण्णेचा काठ आहे. डोंगरावरचं रान आणि नदी ह्यांच्यामध्ये पूर्ण शहर पसरलेलं आहे आणि त्यातून आरपार जाणारी हिरवी वाट फक्त ओढ्यांची असू शकते. दोनशे मीटर उघडले म्हणून सगळी वाट जुळत नाही. पण हा तुकडा मधला आहे, वर आणि खाली ओढा उघडाच आहे, म्हणून इथल्या दोनशे मीटरचं मोल एखाद्या सुट्या बागेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

काय टाळायचं तेही स्पष्ट लिहून ठेवलं. काठावर रात्रभर जळणारे फोकस नकोत, रंगीत कारंजं नको, दोन्ही काठांना फरसबंद पायवाट नको. माणसांसाठी एक काठ, दुसरा जिवांसाठी. जलपर्णी आणि बेशरम दिसताक्षणी उपटायची.

सभेत जे ऐकलं

"ओ साहेब, झाकलंय ते बरं हाय. उघडलं की पुन्हा वास, पुन्हा डास," एका मामांनी सुरुवातीलाच सांगितलं. डासांबद्दल खरं उत्तर द्यावं लागतं. डेंग्यूचा डास घरातल्या आणि घराभोवतीच्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो: बॅरल, कुंड्यांच्या ताटल्या, टायर. घाण पाण्यात होणारा क्युलेक्स स्लॅबखालच्या अंधारात आजही मजेत वाढतो आहे, झाकणांच्या भोकांतून बाहेर येतो. उघड्या, तुलनेने स्वच्छ डोहात त्याच्या अळ्या खाणारे चतुराचे अर्भक, पाणकिडे आणि पिकूसारखे लहान मासे असतात. पण सांडपाणी बंद न करता ओढा उघडला तर मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरेल, हेही त्याच सभेत सांगितलं.

एका काकूंचा प्रश्न मुलांचा होता. शाळेची भिंत लागूनच आहे. त्याचं उत्तर जाळीच्या उंच कुंपणात नाही, कारण कुंपण पडलं की ओढ्याकडे पाठ फिरते आणि कचरा पडायला लागतो. काठ सावकाश उताराचा ठेवला तर मूल कुठूनही चढून वर येऊ शकतं. उभी भिंत असेल तर येऊ शकत नाही. शाळेच्या बाजूला म्हणून उतरता काठच हवा. शिवाय वरच्या पुलापाशी पातळीची खूण आणि पावसाळ्यात भोंगा.

टपरीवाल्यांना कुणी सभेला बोलावलंच नव्हतं. ते आपणहून आले. "आम्हाला उठवायचं असंल तर आत्ताच सांगा," एक दादा म्हणाले. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे त्यांना नोटीस आणि पर्यायी जागा न देता हलवता येत नाही, आणि कायदा नसता तरी तसं करणं गैरच होतं. पालिकेच्या मोकळ्या भूखंडाच्या रस्त्याकडच्या कडेला त्यांची जागा ठेवावी, असं ठरावात लिहिलं. दुचाक्यांचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे.

जागेच्या अडचणीतून निघालेला आराखडा असा. घरांच्या बाजूची भिंत आहे तशीच राहील, तिचा पाया मजबूत करायचा. शाळा आणि मोकळ्या भूखंडाच्या बाजूला काठ उतरता करायचा आणि भूखंडाचा एक भाग मूळ पातळीपेक्षा खाली घ्यायचा, म्हणजे पुराला पसरायला जागा. ९ मीटरच्या अरुंद जागी दोन्हीकडे उभ्या दगडी भिंतीच राहतील. तिथे झाडं नसतील, फक्त तळ मोकळा असेल. सगळा ओढा सुंदर करण्याच्या हट्टापायी कुणाचं घर पाडायचं नाही, ह्यावर एकमत झालं आणि मग बोलणं बरंच सोपं झालं.

क्रम, आणि जेसीबी

आधी गळती दुरुस्ती आणि घरांच्या जोडण्या. सकाळी सातनंतर पाणी चढत नाही, म्हणजे सांडपाणी उरलं नाही, हे दिसलं की खालच्या टोकाचा ६० मीटर स्लॅब फोडायचा, सिंगापूरच्या धर्तीवर. हे काम दिवाळीनंतर सुरू करून मे संपण्याआधी काठ बांधून व्हायला हवेत, कारण उघड्या मातीवर पहिला पाऊस पडला तर सगळं वेण्णेत जाईल. एक पावसाळा बघायचा: कुठे खचलं, कुठे गाळ बसला, काय उगवलं. उरलेला तुकडा त्यानंतर. वरच्या पुलाच्या तोंडाशी लोखंडी जाळी आणि गाळाचा खड्डा लागेल. तो पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर माणसं लावून उपसायला हवा.

ठरावातला एक मुद्दा लोकांना किरकोळ वाटला, पण मी त्यासाठी सगळ्यात जास्त आग्रह धरला. दर वर्षी मे महिन्यात नालेसफाई होते. जेसीबी ओढ्यात उतरतो आणि तळापासून काठापर्यंत सगळं खरवडून सपाट करतो. एका दुपारी डोह, गवत, वाळुंजाची रोपं, सगळं जातं, आणि कामाच्या बिलात ते 'स्वच्छता' म्हणून नोंदलं जातं. म्हणून नालेसफाईच्या निविदेतच लिहिलं जायला हवं की ह्या दोनशे मीटरमध्ये यंत्र उतरणार नाही, गाळ फक्त ठरलेल्या खड्ड्यातून हाताने निघेल आणि प्लॅस्टिक वेचून काढलं जाईल. हे कलम सध्या आरोग्य विभाग आणि बांधकाम विभाग ह्यांच्यामध्ये सहीसाठी फिरतं आहे. जोडण्यांचं काम सुरू झालं आहे. स्लॅब अजून जागेवर आहे.